वणव्याचा दोष

डोंगरावर धूर दिसतो, त्या अर्थी डोंगरावर आग आहे. न्यायशास्त्रात अनुमान शिकवताना पिढ्यान्‌पिढ्या हेच उदाहरण देत आले आहेत. नाशिकजवळच्या अंबडमध्ये ते पोथीतून शिकावे लागत नाही. औद्योगिक वसाहतीपासून जवळच, मुंबई-आग्रा महामार्गाच्या कडेला पांडवलेण्यांचा त्रिरश्मी डोंगर उभा आहे. फाल्गुन-चैत्रात त्याच्या किंवा आसपासच्या एखाद्या डोंगराच्या अंगावर दुपारी धुराची रेघ उठते आणि अंधार पडला की तिच्या जागी तांबडी, वाकडीतिकडी माळ दिसू लागते. आग आहे एवढे सिद्ध झाले, की न्यायाचे काम संपते. आग कोणी लावली, कशासाठी लावली, आणि तिच्यात जे जळाले त्याचा दोष कोणाच्या माथी, हा धर्माचा प्रश्न तिथून पुढे सुरू होतो.

या प्रश्नाला लोकांत एक सोयीचे उत्तर आहे: कोणाच्याच नाही. बांबूवर बांबू घासतो, उन्हाने दगड तापतो, ठिणगी पडते आणि वणवा आपोआप पेटतो, असे सर्रास सांगितले जाते. जंगलात काम करणारे लोक त्यावर विश्वास ठेवत नाहीत. विजेने आग लागू शकते, पण सह्याद्रीत विजा वळिवाबरोबर येतात आणि वळीव पाणी घेऊनच येतो. कोरड्या फेब्रुवारी-मार्चमधले वणवे जवळजवळ सगळेच माणसाच्या हातून लागतात. घासणाऱ्या बांबूची गोष्ट टिकून राहिली, कारण ती सगळ्यांनाच निर्दोष सोडते.

वनविभाग १५ फेब्रुवारी ते १५ जून हा आगीचा हंगाम धरतो. पावसाळ्यात कमरेइतके वाढलेले गवत तोवर पार वाळलेले असते. आग लावण्याची कारणे नाना तऱ्हेची असतात. जुने गवत जाळले की पावसानंतर नवे जोमाने फुटते, ही गुराख्यांची जुनी समजूत. मोहाची फुले वेचायला झाडाखालची जागा मोकळी हवी म्हणून पाला पेटवतात. ससा, रानडुक्कर बाहेर काढायलाही आग लावतात. बांधावरचा कचरा जाळताना वारा फिरतो. शहराजवळच्या डोंगरांवर याला विडी-सिगारेटची थोटके आणि रात्रीच्या पार्ट्यांच्या चुली येऊन मिळतात. काही ठिकाणी मोकळी झालेली जमीन हवी असते, तेव्हा आग हे अतिक्रमणाचे पहिले पाऊल ठरते.

गवताच्या समजुतीत अर्धे सत्य आहे. राखेतले क्षार पहिल्या पावसात कोंबांना मिळतात आणि माळ लवकर हिरवा दिसतो. पण उताराच्या जमिनीवरची बरीचशी राख वाऱ्याने उडते किंवा पहिल्याच सरीबरोबर ओढ्याला जाते. दरवर्षी जळणाऱ्या माळावर कुसळी माजते आणि गुरांना आवडणारे मऊ गवत मागे हटते. झाडांची रोपे दोन-तीन वर्षांची होण्याआधीच जळतात, त्यामुळे जुनी झाडे उभी दिसली तरी त्यांच्याखाली पुढची पिढी नसते. अंजनेरीच्या पठारावर, त्या डोंगराचेच नाव मिळालेली कंदीलपुष्पाची जात कोरड्या ऋतूत जमिनीखालच्या कंदाच्या रूपात दडून असते आणि वरून गेलेल्या आगीतून वाचू शकते. टिटवीच्या अंड्याला, लाव्याच्या पिलाला असा कंद नसतो.

अग्नी हा वैदिक धर्माचा पुरोहितच. देवांपर्यंत हवी पोचवणारा तोच, गृहस्थाच्या लग्नाचा साक्षीदार तोच आणि शेवटी देह नेणाराही तोच. त्यामुळे आग म्हणजे पवित्र, आणि पवित्र वस्तूने जंगल जाळले तर त्यात पाप कसले, असा एक सैल युक्तिवाद ऐकू येतो. श्रौत विधी पाहिले तर तो टिकत नाही. यज्ञातला अग्नी कुंडाबाहेर कधीच मोकळा सोडलेला नसतो. आहवनीय अग्नीभोवती तीन बाजूंनी परिधी नावाच्या ओल्या समिधा ठेवतात आणि पूर्वेची उघडी बाजू सूर्याच्या राखणीवर सोपवतात. चौथी बाजूही मोकळी राहू नये याची काळजी ब्राह्मणग्रंथांनी घेतली आहे. अग्नी पूज्य आहे, आणि पूज्य आहे म्हणूनच त्याला हद्द घालून दिली आहे.

हीच रीत होळीत दिसते. नाशिकच्या पश्चिम पट्ट्यात, पेठ आणि सुरगाणा तालुक्यांत होळी हा दिवाळीहून मोठा सण. तो नेमका वणव्याच्या हंगामात, फाल्गुन पौर्णिमेला येतो. होळी रचायची जागा ठरलेली असते, भोवतीचा पाला झाडलेला असतो, गाव जमलेले असते, आणि प्रदक्षिणा घालणारा हातातल्या तांब्यातून पाण्याची धार धरून आगीभोवती रिंगण काढतो. विधी म्हणून बघणाऱ्याला ती पूजा दिसते. आगीचे ज्ञान असलेल्याला त्यात आग अडवणारी मोकळी पट्टी, म्हणजे जाळरेषा दिसते.

महाभारतातली खांडववनाची कथा मात्र हद्द नसलेल्या आगीची आहे. श्वेतकी राजाच्या अखंड यज्ञांतले तूप पिऊन अग्नीला अपचन झाले आणि त्याने औषध म्हणून खांडववन खायला मागितले. कृष्ण आणि अर्जुन पहाऱ्याला उभे राहिले. पळणारा प्राणी त्यांनी परत आगीत ढकलला किंवा मारला. त्या मोबदल्यात अर्जुनाला गांडीव आणि अक्षय भाते मिळाले, आणि वाचलेल्या मयासुराने पुढे पांडवांना मयसभा बांधून दिली. इरावती कर्वे यांनी ‘युगान्त’मध्ये या प्रसंगाकडे भक्तीची पट्टी काढून पाहिले आणि नवी वसाहत उभारण्यासाठी जंगल व त्यातले जीव निर्दयपणे नष्ट केले गेले, असे त्याचे वाचन केले. मराठी वाचकाला ते तेव्हा झोंबले होते. आजही झोंबावे, कारण मोकळ्या जमिनीसाठी डोंगर पेटवणाऱ्याचा हिशोब तोच असतो.

त्या कथेतच एक छोटे उपाख्यान आहे. पक्षी झालेल्या मंदपाल ऋषीची चार पिले, ज्यांना शार्ङ्गक म्हणतात, घरट्यात आहेत आणि त्यांना उडता येत नाही. आई जरिता त्यांना उंदराच्या बिळात शिरायला सांगते. पिले नाकारतात. बिळात उंदीर खाईल हे नक्की, आगीतून वाचण्याचा निदान संभव तरी आहे, असा त्यांचा तर्क. ती अग्नीची स्तुती करतात आणि अग्नी, बापाला आधीच दिलेल्या वचनामुळे, त्यांना वगळून पुढे जातो. बौद्ध जातकात याची जुळी वाटावी अशी गोष्ट आहे. लाव्याचे पिलू घरट्यात एकटे उरते, आईबाप उडून गेलेले असतात, पंख आहेत पण उडता येत नाही, पाय आहेत पण चालता येत नाही. ते सत्यक्रिया करते, म्हणजे जे खरे आहे ते बोलून आगीला थांबायला सांगते, आणि आग मागे सरते. दोन वेगळ्या परंपरांना वणव्याचा विचार करताना न उडणारे पिलूच आठवावे, हा योगायोग नसावा. मोठ्या प्राण्यांना आग कळते आणि ते पळतात. वणव्याचा खरा हिशोब ज्यांना पळता येत नाही त्यांच्यापाशी होतो. कथेत त्यांना वचन किंवा सत्य वाचवते. डोंगरावर वाचवणारे कोणी नसते, आणि टिटवीची अंडी घालण्याची वेळ वणव्याच्याच महिन्यांत येते.

पण आगीविषयी बौद्ध परंपरेतला सर्वांत कामाचा मजकूर कथेत नाही, नियमात आहे. पाली विनयाच्या चुल्लवग्गात प्रसंग असा आहे: काही उनाड भिक्खूंनी रानाला आग लावली. लोक चिडले, हे तर वणवे लावणाऱ्यांसारखेच झाले, असे म्हणू लागले. बुद्धांनी नियम केला की भिक्खूने रानाला आग लावू नये. पुढे एकदा दुसरीकडून पेटलेला वणवा विहारांच्या दिशेने येऊ लागला. त्याला थांबवायचे तर समोरून आग लावून मधले गवत आधीच जाळून टाकणे हा एकच मार्ग, पण भिक्खू संकोचले, कारण आग लावायची नाही हा नियम झालेला. तेव्हा बुद्धांनी वणवा येत असताना प्रतिअग्नी लावण्याची आणि बचाव करण्याची अनुमती दिली.

हे प्रकरण नीट वाचण्यासारखे आहे. नियम रद्द झाला नाही. आग लावणे आधीसारखेच निषिद्ध राहिले. ज्याच्या हातात तीच काडी आहे, पण जो येणाऱ्या आगीसमोर उभा राहून, हद्द राखून, ती विझेपर्यंत तिथेच थांबून पेटवतो, त्याचे कर्म वेगळे ठरले. त्रिरश्मीच्या लेण्यांत राहिलेले भिक्खू भद्रायनीय संप्रदायाचे होते. गौतमी बलश्रीने, गौतमीपुत्र सातकर्णीच्या आईने, तिसऱ्या क्रमांकाचे लेणे त्यांनाच दान दिल्याचा लेख तिथल्या भिंतीवर आहे. त्यांचा स्वतंत्र विनयग्रंथ आज उरलेला नाही. मात्र गवताळ उतारावर कोरलेल्या विहारांत पावसाळा आणि उन्हाळा काढणाऱ्या कोणालाही हा पेच नवा नव्हता, एवढे म्हणता येते.

प्रतिअग्नी आजही तसाच लावतात. वणवा उताराच्या खालून वर चढतो तेव्हा धोका जास्त, कारण ज्वाळेची झळ वरच्या गवताला आधीच वाळवते आणि आग झेपावते. म्हणून माणसे तिच्या थेट वरच्या अंगाला थांबत नाहीत. माथ्यावर किंवा पायवाटेवर, जिथे गवत तुटक आहे, तिथे ओळ धरतात. हातात निरगुडीच्या किंवा करवंदीच्या ओल्या फांद्या असतात. पायवाटेच्या कडेने गवत पेटवायचे, ते वाटेच्या अलीकडे येऊ लागले की झोडपून विझवायचे आणि पलीकडे वणव्याच्या दिशेने जाऊ द्यायचे. दोन आगी भेटतात तेव्हा मोठा भडका होतो आणि मग एकदम काही उरत नाही. वनविभागाकडे आता पाला उडवणारे ब्लोअर आहेत, फांदीचे काम पुष्कळसे त्यांनी घेतले आहे. पण वारा कुठून येतो हे पाहून काडी कुठे टाकायची, ते यंत्र सांगत नाही.

जैन शास्त्रकारांनी हा विषय आणखी बारीक चाळला. म्हसरूळजवळचे गजपंथ हे नाशिकचे जैन तीर्थ, तेही अशाच एका गवताळ डोंगरावर. श्रावकाने जे पंधरा धंदे करू नयेत असे आगमांत सांगितले आहे त्यांत कोळसा पाडणे, जंगलतोड आणि रानाला आग लावणे हे तिन्ही आहेत. शेवटच्याला दवदान म्हणतात. बाराव्या शतकात गुजरातेत हेमचंद्राचार्यांनी ‘योगशास्त्र’ लिहिताना दवदानाचे दोन प्रकार केले: सवयीने लावलेली आग, आणि पुण्य लागते या समजुतीने लावलेली. दुसरा प्रकार त्यांना लिहून ठेवावासा वाटला, म्हणजे तो त्यांच्या भोवताली असणार. दक्षिण राजस्थानात उदयपूर-डुंगरपूरकडे नवस फेडण्यासाठी डोंगर पेटवण्याची चाल अजून आहे आणि तिला मगरा स्नान म्हणतात, डोंगराला आगीची आंघोळ. नवसाच्या आगीचा उल्लेख सह्याद्री-सातपुड्यातले वनकर्मचारीही करतात. इथे दुटप्पीपणा पाहणे सोपे आहे, विशेषतः ज्या कळवण-सुरगाण्यात मार्गशीर्षात डोंगऱ्या देवाचा उत्सव भक्तीने होतो त्या मुलखाकडे बोट दाखवून. पण नवस करणारा डोंगराला शत्रू मानत नाही, तो डोंगराला काही अर्पण करतो आहे. त्याला अंधश्रद्धाळू म्हणून हिणवण्यापेक्षा अर्पण बदलायला सांगणे जास्त फळते. बकऱ्याच्या जागी नारळ लोकांनी अनेक ठिकाणी स्वीकारला आहे.

जैन विचाराचा खरा उपयोग मात्र पुढे आहे. उमास्वातींच्या ‘तत्त्वार्थसूत्रा’त हिंसेची व्याख्या प्रमादावर उभी केली आहे. जीव मेला एवढ्याने हिंसा ठरत नाही, बेसावधपणातून मेला की ठरते. गृहस्थाला पूर्ण अहिंसा शक्य नाही हे मान्य करून जैन आचार्यांनी हिंसेचे चार वर्ग केले: मुद्दाम केलेली संकल्पी, घरकामात होणारी आरंभी, पोटाच्या उद्योगात होणारी उद्योगी आणि स्वसंरक्षणात होणारी विरोधी. गृहस्थाला पहिली सोडावीच लागते, उरलेल्या तीन जपून कमी करायच्या असतात. वणव्यांची कारणे या चाळणीतून गाळली तर ती आपोआप वेगळी होतात. शिकारीसाठी आणि जमिनीसाठी लावलेली आग संकल्पी. प्रतिअग्नी विरोधी. थोटूक टाकून पुढे गेलेला पर्यटक निव्वळ प्रमादी, आणि व्याख्येनुसार तोही हिंसकच, ‘माझा हेतू नव्हता’ हे उत्तर इथे चालत नाही. राहिला राब. तो उद्योगी.

त्र्यंबक, इगतपुरी, पेठ, सुरगाणा या भागांत भात आणि नागलीची रोपे टाकण्याआधी जमीन भाजतात. वाफ्यावर शेण, पालापाचोळा, ऐनासारख्या झाडांच्या डहाळ्या आणि वर माती असा थर रचून तो उन्हाळ्यात पेटवतात. हा राब. आगीने तणाचे बी मरते, जमीन भुसभुशीत होते, राखेचे खत मिळते, आणि कोवळे रोप तणाशी झगडण्यात दमत नाही. इंग्रजी अमलातल्या वनखात्याला राब म्हणजे जंगलाची नासाडी वाटली. ठाणे-कुलाब्याच्या शेतकऱ्यांनी इतकी ओरड केली की मुंबई सरकारला वन आयोग नेमावा लागला, त्याचा अहवाल १८८७चा. राब चालू राहिला, कारण त्याला तेवढाच स्वस्त पर्याय कोणी दिला नाही. गीतेच्या अठराव्या अध्यायात सहज कर्म सदोष असले तरी टाकू नये असे सांगताना आगीला वेढणाऱ्या धुराचाच दाखला दिला आहे. राबाला तो तंतोतंत लागू पडतो. पण ‘टाकू नये’ याचा अर्थ ‘बघू नये’ असा होत नाही. जंगलाला लागून असलेला राब भर दुपारी, वारा असताना, एकट्याने पेटवणे आणि सकाळी लवकर, कडेचा पाला ओढून, चार माणसे उभी करून पेटवणे यांत धर्माच्या दृष्टीने आभाळाएवढे अंतर आहे. पीक मात्र दोन्हीकडे सारखेच येते.

न कळत घडलेल्या दोषाचे काय, हा प्रश्न गोदावरीच्या उगमाच्या कथेतच आहे. ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी गौतम ऋषी भाताची शेती करत होते. मत्सरी ऋषींनी रचलेल्या कपटामुळे एक मरतुकडी गाय शेतात शिरली. गौतमांनी गवताच्या काडीने तिला हाकलले आणि ती तिथेच कोसळून मेली. गाय मायावी होती, डाव दुसऱ्यांचा होता, काडीने गाय मरत नाही, हे सगळे गौतमांच्या बाजूचे पुरावे. तरी त्यांनी गोहत्येचा दोष मान्य केला, प्रायश्चित्त घेतले, तप केले, आणि शंकराने गंगा ब्रह्मगिरीवर उतरवली ती गोदावरी. पुराणकाराने वकिली करण्याऐवजी प्रायश्चित्ताची वाट निवडली. दोष सिद्ध होण्याची वाट न पाहता जो नुकसान भरून काढायला उठतो, त्याच्या हातून नदी येते, असा या कथेचा कल आहे. ज्या डोंगरावर ती नदी उतरली त्यावरच निवृत्तिनाथांना वाघाच्या भीतीने गुहेत शिरावे लागले, असे संतचरित्रे सांगतात. म्हणजे तेव्हा तिथे वाघ राहील एवढे रान होते. आज ब्रह्मगिरीचे उतार उन्हाळ्यात काळेठिक्कर दिसतात आणि झऱ्यांना पाणी धरून ठेवणारी माती दर पावसाळ्यात थोडी थोडी खाली उतरते. गोदेचा उत्सव करणाऱ्यांनी या उतारांकडे पाहिले पाहिजे.

राजधर्माने मात्र प्रायश्चित्तापेक्षा दंडावर भर दिला. याज्ञवल्क्य स्मृतीत शेत, घर, वन, गाव, कुरण, खळे जाळणाऱ्याला गवतात गुंडाळून जाळावे असा दंड आहे. कौटिल्यही कुरण, खळे आणि राजाचे वन जाळणाऱ्याला आगीचीच शिक्षा सांगतो. इतक्या भयानक शिक्षा लिहून ठेवाव्या लागल्या, यावरून आग लावणारे थांबले नव्हते असेच दिसते. १९२७च्या भारतीय वन कायद्याच्या कलम २६ मध्ये राखीव वनात आग लावण्यास मुळात सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाचशे रुपयांपर्यंत दंड होता, पुढे राज्यांनी तो वाढवला. त्या कलमाचा तिसरा भाग विचारात पाडणारा आहे. आग मुद्दाम किंवा घोर निष्काळजीपणाने लागली असेल तर सरकार त्या वनातले चराईचे आणि वनोपजाचे हक्क सगळ्यांसाठीच निलंबित करू शकते. काडी एकाने लावली, उपाशी सगळ्यांची गुरे. पापाचे असे सामुदायिक वाटप कोणत्याही धर्मशास्त्राने सहज मान्य केले नसते.

त्याच कायद्याच्या कलम ७९ मध्ये मात्र एक शहाणपण आहे. ज्याला त्या वनात हक्क आहे, त्याने आगीची खबर दिली पाहिजे आणि विझवायला मदत केली पाहिजे. कर्तव्याला हक्काचा पाया आहे. शंभर वर्षे गडबड झाली ती इथे: हक्क एकेक करून काढून घेतले गेले आणि कर्तव्य मात्र तसेच राहील असे गृहीत धरले गेले. कुमाऊँत १९२१ साली लोकांनी सरकारी जंगले निषेध म्हणून पेटवली. ज्या जंगलावर आपला हात उरला नाही त्याला आपणच काडी लावावी, हे दुःखद आहे, पण अनाकलनीय नाही.

आग पूर्ण बंद करण्याचे धोरणही जगात फसलेले आहे. ब्रह्मदेशातल्या सागवनांत इंग्रज वनाधिकाऱ्यांनी आग अडवली तेव्हा बांबू आणि झुडपे माजून सागाची रोपे उगवेनात, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी बऱ्याच ठिकाणी ते संरक्षण सोडून द्यावे लागले. अमेरिकेच्या वनखात्याने १९३५मध्ये, कोणताही वणवा दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत आटोक्यात आणायचा, असा दंडक केला. जंगलात वाळका पाला साठत गेला, आगी मोठ्या होत गेल्या आणि १९७०च्या दशकात दंडक गेला. हा धडा सह्याद्रीत जसाच्या तसा गिरवता येत नाही. अमेरिकेतल्या जंगलाला आग कमी पडली होती. नाशिकच्या डोंगरांना ती दरवर्षी, त्याच उतारावर, रोपे वाढायच्या आत मिळते. पण एक गोष्ट दोन्हीकडे सारखी आहे. चराईबंदी केली, गवत वाढू दिले आणि कापायलाही बंदी घातली, तर बंदीनेच सरपण रचून ठेवल्यासारखे होते. हिवरे बाजार या गावाने चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळली, पण विळ्याला मोकळीक दिली. गवत कापून डोक्यावरून न्यायचे, गुरे गोठ्यात. कापलेल्या गवताला आग लागत नाही, आणि ज्याचा भारा उद्या घरी जायचा आहे तो माणूस आज डोंगर जळू देत नाही. धुळे जिल्ह्यातल्या बारीपाड्याचे जंगलही गावाच्याच राखणीतून उभे राहिले. तिथल्या चैत्राम पवारांना २०२५मध्ये पद्मश्री मिळाली.

२००६च्या वनहक्क कायद्याने सामुदायिक वनसंपत्तीचे रक्षण आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क ग्रामसभेला दिला, आणि त्याच कायद्याच्या कलम ५ ने रक्षणाचा अधिकारही. मार्च २०१८मध्ये नाशिकहून मुंबईला निघालेला शेतकऱ्यांचा लाँग मार्च त्रिरश्मीच्या पायथ्यावरून, याच महामार्गाने गेला, आणि वनजमिनीचे हक्क ही त्यातली ठळक मागणी होती. आगीच्या धोरणात हा हक्क अजून आत शिरलेला नाही. भारतीय वन सर्वेक्षण २००४पासून उपग्रहावरून आगीच्या सूचना पाठवते. व्हीआयआयआरएस हे उपकरण ३७५ मीटरच्या ठिपक्यात उष्णता टिपते आणि वनरक्षकाच्या मोबाइलवर संदेश येतो. हा धुरावरून अग्नीच्या अनुमानाचाच नवा अवतार. पण तो ठिपका राबाचा की वणव्याचा हे उपग्रहाला सांगता येत नाही. गावाला मात्र राब कोणाचा आणि कधी भाजायचा हे आधीच ठाऊक असते. ग्रामसभेने राबाच्या तारखा ठरवून वनरक्षकाला कळवल्या आणि त्या दिवशी जाळरेषेवर माणसे उभी केली, तर उद्योगी आग संकल्पी आगीपासून वेगळी ओळखता येईल. त्या मजुरीची तरतूद हंगामी वनमजुरांच्या खर्चातूनच करता येते.

अंबडच्या डोंगरांची अडचण यापेक्षा वेगळी आहे. अंबड गाव आता नाशिक महापालिकेच्या हद्दीत आहे, तिथे ग्रामसभा नाही, राब नाही आणि गवताचा भारा नेणारे घर क्वचित. त्रिरश्मीवर सकाळी चालायला जाणारे हजारो, पण त्यांचा डोंगरावर हक्क नाही म्हणून कलम ७९चे कर्तव्यही त्यांना बांधत नाही. त्यांच्यासाठी उरते ते राज्यघटनेचे कलम ५१-क, ज्यात वने जपणे आणि प्राणिमात्रांवर दया करणे हे नागरिकाचे कर्तव्य सांगितले आहे आणि ज्याला शिक्षा जोडलेली नाही. सातपूरच्या फाशीच्या डोंगरावर २०१५मध्ये स्वयंसेवकांनी वनविभागाबरोबर देशी झाडांची देवराई लावली. तिलाही आगीने गाठले आहे, पण तिथे धूर दिसला की धावत येणारी माणसे आहेत, कारण झाड त्यांनी लावलेले असते. जुन्या देवराईत देवाचा धाक राखण करत होता. नव्या देवराईत हातचे काम तेच करते. शहराच्या कडेच्या प्रत्येक डोंगराचा उतार असा एखाद्या वसाहतीला, कारखान्याच्या कामगार मंडळाला, शाळेला गवत कापायला आणि रोपे राखायला लेखी करारावर देणे कायद्यात अशक्य नाही.

हे सारे वेळेवर व्हायला हवे. महाराष्ट्रात ग्रामसभा २ ऑक्टोबरला होते आणि २६ जानेवारीलाही. ऑक्टोबरात गवत हिरवे असते, कापायला, वाटून घ्यायला आणि जाळरेषा आखायला दोन महिने हाताशी असतात. २६ जानेवारीला ते वाळून उभे असते आणि आगीचा हंगाम तीन आठवड्यांवर आलेला असतो. जाळरेषेचा, गवताचा आणि राबाच्या तारखांचा ठराव २ ऑक्टोबरच्याच सभेत घ्यावा.